रविवारची शाळा

मी इयत्ता सातवीत शिकत होतो, तेव्हाची ही हकीगत आहे. आम्ही पुण्यास राहत होतो. माझी आत्या एका बँकेत नोकरीस होती. आठवडाभर ती सकाळी घराबाहेर पडे आणि दिवेलागणीस परत येई. रविवारी साऱ्या घराला विसावा असे. परंतु आत्या मात्र त्याही दिवशी नऊच्या ठोक्याला पायात चपला सरकवून निघे. पाऊस असो, सणवार असो, घरी पाहुणे असोत. तिचा हा नेम कधी चुकला नाही.

एकदा मी तिला विचारले, “आत्या, रविवारीसुद्धा तुला कसले काम असते?”

“रविवारी माझी शाळा असते,” ती म्हणाली.

“म्हणजे तू मुलांना शिकवतेस?”

“नाही रे, मी शिकते,” असे म्हणून ती हसली.

चाळीस वर्षांची आत्या शाळेत शिकते, हे ऐकून मला मोठे नवल वाटले. मी तिच्याबरोबर येण्याचा हट्ट धरला. तेव्हा ती गंभीर होऊन म्हणाली, “अवश्य ये. पण माझी एक अट आहे. एक दिवस गंमत पाहायची म्हणून यायचे नाही. यायचे तर निदान तीन महिने दर रविवारी यायचे. आहे कबूल?”

मी क्षणाचाही विचार न करता होकार दिला. होकार देणे किती सोपे असते आणि तो पाळणे किती अवघड, हे मला अजून कळायचे होते.

आत्याची शाळा नदीपलीकडे एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर भरत असे. ती सरकारने काढलेली नव्हती, की कोणा धनिकाने. ज्यांच्या घरी स्वमग्न मुले होती, अशा पाच-सहा आईबापांनी एकत्र येऊन, पदरचे पैसे घालून ती सुरू केली होती. पगारी शिक्षिका दोनच होत्या. बाकीची सारी मंडळी स्वयंसेवक होती. त्यांत एक महाविद्यालयात शिकणारी मुलगी होती, एस. टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते, एक सुतारकाका होते आणि माझी आत्या होती. कोणी मुलांबरोबर गाणी म्हणे, कोणी त्यांना बागेत नेई, कोणी खाऊ करी. आत्या संस्थेचा जमाखर्चही लिहीत असे.

आत शिरताच माझी नजर भिंतीकडे गेली. तेथे प्रत्येक मुलाच्या नावाची एकेक पुठ्ठ्याची पट्टी टांगलेली होती आणि तिच्यावर लहान लहान चित्रे एकाखाली एक लावलेली होती: चपलांचे चित्र, तबल्याचे चित्र, मेज व खुर्ची, वाटीतला खाऊ, झोपाळा आणि सर्वांत शेवटी घर. एक काम झाले, की मूल ते चित्र काढून खालच्या खिशात टाकी व पुढच्या चित्राकडे पाही. आता काय व्हायचे आहे आणि त्यानंतर काय, हे त्या चित्रांवरून मुलांना आधीच कळत असे.

खिडकीजवळ माझ्याच वयाचा एक मुलगा बसला होता. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. कारण मी त्याला तशी परवानगी विचारलेली नाही. त्याच्यापुढे पत्र्याचा एक डबा होता. त्या डब्यातील बटणे काढून तो ती जमिनीवर एका ओळीत मांडीत होता. सर्वांत लहान बटण डावीकडे आणि सर्वांत मोठे उजवीकडे. ती ओळ शिंप्याच्या फुटपट्टीसारखी सरळ होती.

मी त्याच्याजवळ जाऊन त्याला नावाने हाक मारली. त्याने वर पाहिले नाही. मी पुन्हा हाक मारली, मग आणखी मोठ्याने मारली. त्याची मान हलली नाही. हा मुलगा बहिरा असावा, नाहीतर मोठा गर्विष्ठ असावा, असे मला वाटले. आता मात्र याला बोलते करायचेच, अशा ईर्षेने मी त्याच्या ओळीतील एक मोठे निळे बटण उचलले आणि “हे मला देतोस?” असे म्हणत त्याच्या डोळ्यांसमोर नाचविले.

क्षणार्धात त्याने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. तो पुढेमागे डोलू लागला आणि असा काही आर्त ओरडला, की माझ्या हातातील बटण गळून पडले. सारी खोली माझ्याकडे पाहू लागली आहे असे मला वाटले. मला पळून जावेसे झाले.

तेवढ्यात बाई आल्या. त्या मला रागावल्या नाहीत आणि त्या मुलाला ‘गप्प बस’ असेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी घरघरणारा पंखा बंद केला, इतर मुलांना बाहेर नेण्याची आत्याला खूण केली आणि स्वतः त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसून राहिल्या. त्यांनी त्याला हात लावला नाही. एक शब्दही उच्चारला नाही. हळूहळू त्याचे ओरडणे थांबले. डोलणे मंदावले. मग बाईंनी ते निळे बटण त्याच्या जागी ठेवले. त्याने ते बोटाने किंचित सरकवून नीट केले आणि तो पुन्हा आपल्या कामास लागला.

नंतर बाई मला अंगणात घेऊन गेल्या. त्या म्हणाल्या, “तू त्याला तीनदा हाक मारलीस. एका हाकेनंतर दुसरी हाक मारण्यापूर्वी तू किती वेळ थांबलास?”

“मी थांबलोच नाही,” मी खरे ते सांगितले.

“तुझी हाक त्याने ऐकली होती. ती समजून घ्यायला आणि तिचे उत्तर जुळवायला त्याला तुझ्याहून अधिक वेळ लागतो. तू दुसरी हाक मारलीस, की पहिलीपासून त्याला पुन्हा आरंभ करावा लागतो. पुढच्या वेळी एकदाच हाक मार आणि मनात दहा अंक मोज. तो तुझ्याकडे पाहील असे नाही. पण न पाहताही तो ऐकत असतो.”

“पण मी त्याचे एक बटण तर उचलले. त्यात एवढे काय झाले?”

“तू उंच शिडीवर चढला आहेस आणि कोणी तिची मधलीच पायरी काढून घेतली, तर तुला काय वाटेल?” बाई म्हणाल्या. “या खोलीत किती आवाज आहेत, ते तुझ्या ध्यानातही येत नाहीत. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे भोंगे, मुलांचा गलका; तुझे मन ते आपोआप बाजूला सारते. त्याच्या मनाला ते तितकेसे जमत नाही. साऱ्या गोंगाटात ती बटणांची ओळ तेवढी त्याची ओळखीची आणि भरवशाची होती. तीच तू मोडलीस.”

घरी परतताना मी गप्प होतो. स्वमग्नता म्हणजे नेमके काय, हे आत्याने मला त्या दिवशी आणि पुढेही वेळोवेळी सांगितले. मोठेपणी मी त्याविषयी थोडेफार वाचले. ते येथे थोडक्यात सांगतो.

स्वमग्नतेला इंग्रजीत ‘ऑटिझम’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘ऑटॉस’ म्हणजे ‘स्वतः’. त्यावरून हा शब्द आला आणि त्याला जुळणारा आपला शब्द ‘स्वमग्नता’. परंतु नावावरून फसू नये. ही मुले आपल्यातच गुंग असतात, त्यांना कोणी नको असते, असे नव्हे. त्यांच्या मेंदूची घडण जन्मापासूनच काहीशी निराळी असते. त्यामुळे इतरांचे बोलणे, हावभाव आणि मनातील भाव ओळखणे त्यांना कठीण जाते आणि आपल्या मनातले सांगणेही कठीण जाते. ठरलेल्या गोष्टीत अचानक बदल झाला, तर ती गोंधळून जातात. आवाज, उजेड किंवा स्पर्श काहींना असह्य होतो. कोणी जन्मभर एकही शब्द बोलत नाही, तर कोणी उत्तम वक्ता होतो. म्हणून तज्ज्ञ लोक स्वमग्नतेला वर्णपटाची उपमा देतात. इंद्रधनुष्यात जसे अनेक रंग एकमेकांत मिसळलेले असतात, तशी स्वमग्न माणसांतही अनेक तऱ्हा असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता.

हा काही संसर्गाने होणारा रोग नव्हे. त्यावर ‘बरे करणारे’ औषधही नाही. योग्य शिक्षण, धीर आणि सोबतीची माणसे मिळाली, तर ही मुले पुष्कळ काही शिकतात व सुखाने जगतात.

१९२५ च्या सुमारास मॉस्को येथील ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशा काही मुलांची वर्णने लिहिली होती. पण त्यांच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हापासून ‘ऑटिझम’ हे नाव या अर्थाने रूढ झाले. पुढे कित्येक वर्षे डॉक्टरांचा एक मोठा गैरसमज होता. आईच्या मायेत ओलावा कमी पडला म्हणून मूल असे होते, असे ते म्हणत. आधीच चिंतेने वाळलेल्या मातांच्या माथी हा आणखी एक दोष मारला जाई. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली एक ग्रंथ लिहून ही समजूत खोडून काढली.

या मुलांसाठी संस्था काढण्यातही आईबापच पुढे आले. १९६२ साली लंडनमध्ये काही पालकांनी एक संस्था स्थापन केली. त्यांच्या मुलांना कोणतीही शाळा घेत नव्हती. सिबिल एल्गार या शिक्षिकेच्या मदतीने १९६५ साली लंडनच्या ईलिंग भागात त्यांनी अशा मुलांची शाळा उघडली. आपल्या देशात मेरी बरुआ या मातेने १९९१ साली दिल्लीत ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू केली आणि १९९४ साली ‘ओपन डोअर’, म्हणजे ‘उघडे दार’, या नावाची शाळा काढली. १९९५ साली आपल्याकडे अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, त्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्याने ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगता मानल्या, त्यांतही स्वमग्नतेला स्थान मिळाले. घरोघरच्या आयांनी सोसलेले कष्ट आणि केलेले अर्ज यांमागे होते.

परंतु आत्याने सांगितलेल्या साऱ्या गोष्टींत मला सर्वांत आवडली, ती डोनाल्डची.

डोनाल्ड ट्रिपलेट हा कॅनर यांच्या त्या अकरा मुलांपैकी पहिला. त्याचा जन्म १९३३ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी झाला. तो नऊ वर्षांचा असताना, १९४२ साली, आईवडिलांनी त्याला गावाबाहेर दहा मैलांवर एका शेतकरी पतिपत्नींकडे ठेवले. ती दोघे काही डॉक्टर नव्हती. पण त्यांच्याजवळ शहाणपण होते. डोनाल्डला मोजमापाचे वेड होते. शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल झाली, ते मोजून सांगायचे काम दिले. डोनाल्ड मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजीत बसे. तेव्हा शेतकऱ्याने त्याच्या हाती नांगर दिला आणि ‘नांगरता नांगरता मोज’ म्हणून सांगितले. १९४५ च्या मे महिन्यात डॉ. कॅनर त्याला पाहण्यास गेले, तेव्हा अकरा वर्षांचा डोनाल्ड घोडा जुंपून नांगर चालवीत होता. त्यांच्यादेखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला घोडा सफाईने वळविला. त्या जोडप्याचे शहाणपण पाहून डॉक्टर थक्क झाले.

पुढे डोनाल्ड महाविद्यालयात शिकला आणि १९५८ साली पदवीधर झाला. गावच्या बँकेत त्याने अनेक वर्षे नोकरी केली. तो मोटार चालवी, गोल्फ खेळे, देशोदेशी एकटा प्रवास करी. त्याच्या बोलण्याचालण्यातील निराळेपण गेले नव्हते. पण साऱ्या गावाने त्याला आपला माणूस मानले होते. २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी तो वारला.

ही गोष्ट ऐकल्यावर मी मनाशी एक बेत केला. आमच्या आळीत एका शिंपीकाकांचे दुकान होते. त्यांच्याजवळ बटणांची एक मोठी पिशवी होती. तीत सर्व आकारांची व रंगांची बटणे मिसळून गेली होती, आणि एखाद्या सदऱ्याला जुळते बटण शोधता शोधता ते मेटाकुटीस येत. मी ती पिशवी मागून घेतली. पुढच्या रविवारी मी त्या मुलापासून हातभर अंतरावर बसलो, त्याला एकदाच हाक मारली आणि पिशवी व काचेच्या सहा बरण्या पुढे ठेवल्या. मग मनात दहा अंक मोजले. तो काही बोलला नाही. मी आणखी दहा मोजले. तेव्हा त्याने पिशवीत हात घातला.

चार रविवारी मिळून ते काम झाले. पांढरी बटणे एका बरणीत, काळी दुसरीत, चार भोकांची एकीकडे आणि दोन भोकांची एकीकडे. एकही बटण चुकले नव्हते. शिंपीकाका स्वतः बरण्या न्यायला आले. “माझे रोजचे अर्ध्या तासाचे काम वाचले बघ,” असे ते त्या मुलाला म्हणाले. तो त्यांच्याकडे न पाहता हात पंखासारखे फडफडवू लागला. बाईंनी सांगितले, की त्याला आनंद झाला, म्हणजे तो असेच करतो.

एव्हाना बाईंनी माझे एक छायाचित्र काढून त्याच्या पट्टीवर लावले होते. तबल्याच्या चित्राखाली मी आणि माझ्याखाली खाऊची वाटी! मला त्याचा फार अभिमान वाटे. आपण मोठे सेवेचे कार्य करीत आहोत, असेही वाटू लागले होते.

आणि मग तो रविवार उजाडला. शेजारच्या आळीतील मुलांशी आमचा क्रिकेटचा सामना ठरला होता. सकाळी आत्या निघाली, तेव्हा मी अंथरुणात डोळे मिटून पडून राहिलो. तिने मला दोनदा हाक मारली आणि ती एकटीच गेली. मी सामना खेळलो. आम्ही जिंकलो. संध्याकाळी मी आनंदात घरी आलो, तेव्हा आत्या तांदूळ निवडीत बसली होती.

“आज तो दारापाशी उभा होता,” ती शांतपणे म्हणाली.

“कोण?”

“त्याच्या पट्टीवर तुझे चित्र होते. ते झाल्यावाचून पुढचे चित्र कसे काढायचे? साडेनऊपासून बारापर्यंत तो दारात उभा होता. बटणांना हात लावला नाही. खाऊ खाल्ला नाही. शेवटी त्याची आई आली आणि त्याला घरी घेऊन गेली.”

आत्या याहून अधिक काही बोलली नाही. ती रागावली असती, तर बरे झाले असते, असे मला वाटले. त्या रात्री मला जेवण गेले नाही. सामन्यातील माझ्या धावा किती, हे कोणी विचारले असते, तर मला सांगता आले नसते. दारात उभा असलेला तो मुलगा तेवढा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

पुढच्या रविवारी मी सर्वांच्या आधी जाऊन पोचलो. त्याच्या पट्टीकडे पाहिले, तर माझे छायाचित्र तेथे नव्हते.

“मी ते काढून ठेवले आहे,” बाई म्हणाल्या. “तुझ्यावर रागावून नव्हे. जे खात्रीने घडायचे नाही, ते मी त्याच्या पट्टीवर लावू शकत नाही. त्याचा त्या भिंतीवर विश्वास आहे.”

“बाई, मी चुकलो,” मी म्हणालो. “पण कधी आजारी पडलो, तर मी काय करू?”

“न येणे हा अपराध नाही. प्रत्येकाला अडचणी असतात. न कळविता न येणे, ही चूक आहे.” असे म्हणून त्यांनी मला पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला. मी माझे आणखी एक छायाचित्र आणून त्यावर चिकटविले आणि त्यावर तांबडी फुली काढली. ज्या रविवारी मला येणे जमणार नाही, त्याच्या आदल्या दिवशी मी बाईंना निरोप द्यायचा आणि बाईंनी ते फुलीचे चित्र पट्टीवर लावायचे, असे ठरले.

तो मुलगा त्या दिवशी आला आणि खिडकीकडे गेला. मी हातभर अंतरावर बसलो. त्याने बटणांची ओळ माझ्यापासून दूर सरकविली. दुसऱ्या रविवारीही तसेच झाले. मी जात राहिलो. तिसऱ्या रविवारी बाईंनी माझे चित्र पुन्हा पट्टीवर लावले.

पुढे एकदा मला ताप आला. शनिवारीच मी आत्याकरवी निरोप पाठविला. त्या रविवारी तो मुलगा पट्टीपुढे बराच वेळ उभा राहिला. मग त्याने फुलीचे चित्र काढले, खिशात टाकले आणि तो खाऊकडे वळला. हे आत्याने मला सांगितले, तेव्हा मला अंगातील ताप उतरल्यासारखे वाटले.

त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीच्या जागी बसलो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. बटणांची ओळ मांडता मांडता तो निळ्या बटणापाशी आला. ते त्याने हातात घेतले, काही वेळ धरून ठेवले आणि माझ्या गुडघ्यासमोर जमिनीवर ठेवले. ओळीत त्याची जागा रिकामी होती. मी मनात दहा अंक मोजले आणि ते बटण उचलून त्या जागी ठेवले. त्याने ते बोटाने किंचित सरकवून नीट केले.

तीन महिने केव्हाच संपले होते. पण अटीची आठवण मलाही राहिली नाही आणि आत्यानेही करून दिली नाही.

मुलांनो, ‘मी शिकते’ असे आत्या का म्हणाली होती, ते मला तेव्हा उमगले. सेवा करणारा वरच्या पायरीवर उभा आहे आणि सेवा घेणारा खालच्या पायरीवर, असे आपण समजतो. पण त्या मुलाने मला जे शिकविले, ते मला कोणत्याही वर्गात मिळाले नव्हते. घाई न करणे, दुसऱ्याच्या कलाने घेणे आणि दिलेला शब्द पाळणे, हे मी त्याच्यापाशी शिकलो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्वमग्न माणसांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे; पण त्यांनी स्वतः सांगितलेले ऐकणे अधिक महत्त्वाचे. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणी त्या उशिरा बोलू लागल्या. मोठेपणी त्यांनी पशुविज्ञानाचा अभ्यास केला. गुरांना भय वाटू नये, अशा रीतीने गोठे व वाटा कशा बांधाव्यात, हे त्यांनी शोधून काढले आणि त्या विद्यापीठात प्राध्यापिका झाल्या. १९८६ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. मोठ्या आवाजांनी आपणास कशा वेदना होत, हे त्यांनी लिहिले, तेव्हा कोठे ही मुले कान का झाकतात, ते अनेकांना समजले. अर्थात प्रत्येक स्वमग्न मुलाच्या अंगी काही अद्भुत गुण असतोच, असे नाही. आणि मान मिळण्यासाठी तसा गुण अंगी असण्याची गरजही नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार २००८ सालापासून दर वर्षी २ एप्रिल हा दिवस जगभर स्वमग्नतेविषयी जाणीव वाढविण्यासाठी पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, मिरवणुका निघतात. ते चांगलेच आहे. परंतु वर्षातून एक दिवस येणाऱ्या शंभर माणसांपेक्षा दर रविवारी न चुकता येणारा एक माणूस त्या मुलाला अधिक हवा असतो.

तुमच्या वर्गात, आळीत किंवा नात्यात असे एखादे मूल असेल. त्याला चिडवू नका आणि त्याची कीवही करू नका. त्याला एकदाच हाक मारा, आणि मग दहा अंक मोजा.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आत्याने लेखकाला कोणती अट घातली?
(आ) ही शाळा कोणी सुरू केली होती?
(इ) डोनाल्ड ट्रिपलेट याला कशाचे वेड होते?

२. पुढील प्रश्नांची पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने निळे बटण उचलल्यावर काय घडले? बाईंनी त्या वेळी काय केले?
(आ) शेतकरी पतिपत्नींनी डोनाल्डच्या आवडीचा उपयोग कसा करून घेतला? लेखकाला त्यावरून कोणती कल्पना सुचली?
(इ) बाईंनी लेखकाचे छायाचित्र पट्टीवरून का काढले?

३. कारणे द्या.
(अ) ‘स्वमग्नता’ या नावावरून फसू नये, असे लेखक म्हणतो.
(आ) सामना जिंकूनही लेखकाला त्या रात्री जेवण गेले नाही.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
मेटाकुटीस येणे; माथी मारणे; कलाने घेणे; खोडून काढणे; पदरचे पैसे घालणे.

५. ‘न येणे हा अपराध नाही. न कळविता न येणे, ही चूक आहे.’ या विचाराला धरून स्वतःचा एक अनुभव लिहा.

६. उपक्रम : आपल्या वर्गाच्या दिवसभराच्या कार्यक्रमाची एक चित्रपट्टी तयार करून भिंतीवर लावा.